गरजेचं माप

रिचार्जच्या दुकानात काउंटरपलीकडचा मुलगा एकच प्रश्न विचारतो, "कितीचा मारू?" तुम्ही किती बोलता, कोणाशी बोलता, नेट लागतं की नाही, यातलं काही तो विचारत नाही. त्याच्यापुढच्या यादीत फक्त आकडे असतात: इतके रुपये, इतके दिवस, रोजचे इतके जीबी. त्यातल्या एखाद्या ओळीत गिऱ्हाइकाने स्वतःला बसवून घ्यायचं. 'आपल्या गरजेनुसार फोन आणि प्लॅन निवडा' हा सल्ला आपल्याला सगळे देतात, आणि तो चुकीचाही नाही. मात्र त्यात गरज आधी आणि प्लॅन नंतर असं धरून चाललेलं असतं. आपल्याकडच्या मोबाइलचा तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर हा क्रम अनेकदा उलटा दिसतो. पैसे कशाचे मोजायचे हे आधी ठरलं. मग त्या मापाने आपण बोलायला, थांबायला आणि बघायला शिकलो.

31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला. देशातला पहिला मोबाइल कॉल तो. त्या दिवसांत मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर पडे आणि आलेला फोन उचलला तरी मीटर चाले. त्यामुळे खिशातला फोन वाजला की नंबर बघून तो बंद करायचा आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून उलट फोन करायचा, अशी रीत पडली. एकसष्टाव्या सेकंदाला दुसरं मिनिट सुरू होई, म्हणून निरोप साठ सेकंदांत आटपला जाई. बोलण्यासारखं पुष्कळ असे. परवडत एवढंच असे.

मे 2003 पासून येणारे कॉल फुकट झाले आणि मिस्ड कॉलचा सुवर्णकाळ आला. एक रिंग म्हणजे 'पोहोचलो', दोन म्हणजे 'खाली ये', तीन म्हणजे 'तूच लाव, माझा बॅलन्स संपलाय'. घराघरांत असे संकेत ठरले. ते चालत, कारण दोन्ही टोकांच्या माणसांना दरपत्रक पाठ होतं. 2009 मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला, बाकीच्या कंपन्यांना काही महिन्यांत त्यामागून यावं लागलं, आणि "निघालास का?" एवढंच विचारून ठेवून देणं परवडू लागलं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओने कॉलचे पैसे घेणंच सोडलं आणि माप डेटावर नेलं. मिस्ड कॉल बघता बघता गेला. गंमत म्हणजे, त्यानंतर तीन वर्षांनी कंपन्या स्वतःच ही युक्ती खेळल्या. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला, तर पहिलीने दुसरीला मिनिटाला सहा पैसे द्यायचे असा तेव्हा नियम होता. रिंग थोडा वेळच वाजली तर कॉल चुकतो, समोरचा उलट फोन लावतो आणि पैशांची दिशा फिरते. यावरून इतकी भांडणं झाली की नोव्हेंबर 2019 मध्ये मोबाइलची रिंग 30 सेकंद वाजलीच पाहिजे, असा नियम दूरसंचार नियामकाला म्हणजे 'ट्राय'ला करावा लागला. सवयी दरपत्रकातून जन्मतात हे कंपन्यांना आपल्याआधी उमगलेलं असतं.

आजचं माप आहे 'रोजचा दीड जीबी'. महिनाभरात एक जीबी पुरवून वापरणारी माणसं आपण दहा वर्षांपूर्वी होतो. तेव्हा एखादा व्हिडिओ उघडण्याआधी विचार करायचो. आता रात्री बारा वाजता उरलेला डेटा जातो, आणि जाणारी वस्तू वाया जाऊ नये हा आपला जुना संस्कार. मग साडेदहानंतर गादीवर पडल्या पडल्या तो संपवला जातो. कोट्याचं असं कर्तव्य होतं. 28 दिवसांत 42 जीबी ही कुणाची गरज असेलही. पण हाच डेटा पुढच्या महिन्यात वापरता आला असता, तर आपण तेवढंच पाहिलं असतं का?

सरसकट एकच रक्कम भरण्याची ओढ काही आपलीच नाही. अमेरिकेत केनेथ ट्रेन, डॅनियल मॅकफॅडन आणि मोशे बेन-अकिवा यांनी घरगुती टेलिफोनधारकांच्या निवडी अभ्यासल्या आणि 1987 मध्ये निष्कर्ष मांडले. वापरानुसार बिल स्वस्त पडलं असतं अशी पुष्कळ कुटुंबंही ठरावीक रक्कमच पसंत करतात, असं त्यांना आढळलं. पुढे 2006 मध्ये स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके माल्मेंडियर यांनी व्यायामशाळांच्या सभासदांचा हिशोब मांडला. मासिक वर्गणी भरणाऱ्यांना एकेक खेप 17 डॉलरहून महाग पडत होती, आणि त्याच ठिकाणी दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला दहा डॉलर पडले असते. माणूस प्लॅन घेतो तो आज आहे त्या स्वतःसाठी नव्हे. उद्या जसं व्हायचं ठरवलंय तशा स्वतःसाठी घेतो.

तरी याला निव्वळ मूर्खपणा म्हणून मोकळं होता येत नाही. मीटर चालू असताना बोलणं वेगळं आणि मीटर नसताना बोलणं वेगळं. लेक सासरहून आईशी रोज अर्धा तास बोलते. त्यातली वीस मिनिटं भाजी, पाऊस आणि शेजारीण यांत जातात. मिनिटाला रुपया पडत असता तर ती वीस मिनिटं आधी कापली गेली असती, आणि पुढच्या दहा मिनिटांत जे खरं सांगायचं होतं तेही कदाचित राहिलं असतं. अमर्याद कॉलने बोलण्यातलं हे निवांतपण सामान्य घरांना पहिल्यांदा दिलं. निर्धास्तपणाला किंमत असते, आणि ती जाणूनबुजून मोजली तर त्यात फसवणूक नाही.

प्रश्न येतो तो ज्यांना हा निर्धास्तपणा नकोच होता त्यांचा. बटणांचा फोन वापरणारी आजी स्वतःहून फोन करत नाही, आलेला उचलते. 2005 च्या अखेरीस 'लाइफटाइम' योजना आल्या. साधारण हजार रुपये एकदा भरले आणि मधूनमधून थोडं रिचार्ज मारलं की येणारे कॉल चालू राहत. अशा माणसांसाठीच त्या होत्या. 'आयुष्यभर' हा शब्द तेरा वर्षं टिकला. 2018 च्या शेवटी एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनी नंबर चालू ठेवायला 28 दिवसांना किमान 35 रुपये लावले. जुलै 2024 च्या दरवाढीत एअरटेलचा 28 दिवसांचा सगळ्यांत खालचा नेहमीचा प्लॅन 199 रुपयांवर गेला. त्यात अमर्याद कॉल होते, दोन जीबी डेटा होता. म्हणजे बदल्यात मिळत होतं पुष्कळ. पण आजीला त्यातलं काय हवं होतं?

आणि ती फोन सोडूनही देऊ शकत नाही. बँकेचा ओटीपी, आधारची जोडणी, गॅसची नोंदणी, पेन्शनचा संदेश हे सगळं त्या दहा आकड्यांवर येतं. एके काळी नंबर म्हणजे बोलण्याची सोय होती. आता सरकारदरबारी आणि बँकेत आपण अस्तित्वात आहोत याचा तो पुरावा आहे. दर 28 दिवसांनी भरायची रक्कम संभाषणाची किंमत कमी आणि आपल्याच ओळखीचं भाडं जास्त झाली आहे. शिवाय 28 दिवसांचा 'महिना' वर्षात तेरा वेळा येतो, हे पगार बारा वेळा घेणाऱ्याच्या चटकन ध्यानात येत नाही. जानेवारी 2022 मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक प्लॅन 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा ठेवायला लावला. डिसेंबर 2024 मध्ये त्याहून मोठं पाऊल पडलं: डेटा नको असलेल्यांसाठी केवळ कॉल आणि एसएमएस देणारं व्हाउचर ठेवणं बंधनकारक झालं. पुढच्याच महिन्यात असे प्लॅन आले. एअरटेलचा 84 दिवसांचा 469 रुपयांना होता, वर्षाचा 1849 ला. 28 दिवसांचा हिशोब केला तर 469 वाला सुमारे 156 रुपयांना पडतो, म्हणजे स्वस्तच. पण रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने एका दिवशी 469 काढायचे कुठून? छोटी गरज मान्य झाली. छोटा हप्ता अजून मान्य व्हायचा होता.

एवढं ध्यानात घेतलं तर निवडीची सुरुवात यादीपासून करता येत नाही. ती जागेपासून करावी लागते. कोकणात किंवा घाटमाथ्याच्या गावांत हे कोणाला सांगावं लागत नाही. कुठल्या कंपनीची रेंज ओसरीवर येते आणि कुठलीसाठी देवळाच्या मागच्या चढावर जावं लागतं हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शहरातला माणूस मात्र जाहिरात बघून सिम घेतो आणि मग जिन्यात उभा राहून बोलतो. जिथे दिवसाचे बहुतेक तास जातात तिथे, म्हणजे घरात, कामाच्या जागी, शेतावर, शेजाऱ्यांचे फोन कसे चालतात हे विचारणं कुठल्याही तुलनेच्या तक्त्यापेक्षा उपयोगी.

दुसरी गोष्ट, फोन आणि प्लॅन वेगवेगळे निवडता येत नाहीत. जिओचं 2जी जाळं नाही. तिथे कॉलही 4जी किंवा 5जीवरूनच जातो. त्यामुळे जुन्या बटणाच्या फोनमध्ये ते सिम घातलं तर फोन मुकाच राहतो. त्यासाठी 4जी चालणारा फोन लागतो. उलट 5जी फोनसाठी जास्तीचे पैसे मोजले आणि गावात 5जीच नसेल, तर ते पैसे उगाच अडकून पडले. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर दुकानात जेवढी चर्चा होते तेवढी सुरक्षेचे अपडेट किती वर्षं येणार, बॅटरी बदलून मिळते का, तालुक्याच्या गावी दुरुस्ती होते का, यावर होत नाही. बँकेचा व्यवहार ज्या फोनवरून होतो त्याच्यासाठी हे प्रश्न आधीचे.

तिसरी गोष्ट नंबराची. 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, पण आपल्याच सर्कलमध्ये. मुंबई वेगळं सर्कल आणि गोव्यासह उरलेला महाराष्ट्र वेगळं, त्यामुळे पुण्याचा नंबर मुंबईत पोर्ट व्हायला जुलै 2015 उजाडावं लागलं. ही सोय येण्याआधी कंपनी बदलायची म्हणजे नंबरही बदलायचा आणि बँकेपासून मावशीपर्यंत सगळ्यांना कळवायचं. त्या कंटाळ्यापायी लोक महाग प्लॅन वर्षानुवर्षं चालवत. आता 1900 वर एक एसएमएस करून ही प्रक्रिया सुरू होते. तरी त्यानंतर नव्वद दिवस एकाच ठिकाणी टिकून राहावं लागतं, म्हणून घाईत उडी मारण्यापेक्षा दुसऱ्या सिमवर महिनाभर पारख करणं बरं.

राहता राहिली खुद्द गरज. फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याचा डेटा दिसतो, पण तो आकडा पूर्ण खरं बोलत नाही, कारण तो आत्ताच्या प्लॅनने घडवलेला असतो. दीड जीबीवाल्याचा वापर दीडच्या आसपास निघायचाच. म्हणून मनातल्या मनात माप बदलून पाहावं. उद्या कॉलला मिनिटाला रुपया पडू लागला तर कोणते फोन तरीही लावाल? उरलेला डेटा पुढच्या महिन्यात जमा होणार असेल तर आज रात्री काय बघायचं सोडाल? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आपली माणसं सापडतात, दुसऱ्याच्या उत्तरात आपला फुकट गेलेला वेळ. दोन्ही उत्तरं हाती आल्यावर तोच जुना प्लॅन घेतला तरी हरकत नाही. निदान तो आपण निवडलेला असेल.

ही कसोटी ज्याच्यापुढे पाच-सहा पर्याय आहेत त्याच्यासाठी झाली. ज्याची गरज यादीतल्या सगळ्यांत खालच्या ओळीपेक्षाही लहान आहे, त्याने कितीही शहाणपणाने निवड केली तरी नको असलेलं काहीतरी विकत घ्यावंच लागतं. 30 दिवसांचा महिना आणि डेटाविना व्हाउचर कुणा एका चतुर गिऱ्हाइकाने मिळवलेलं नाही. ते नियमाने आलं. नियम बदलण्याआधी ट्राय मसुदा जाहीर करून लोकांची मतं मागवते. तिथे कंपन्यांचे वकील न चुकता लिहितात. आजीचा रिचार्ज दर महिन्याला आपल्या मोबाइलवरून मारणाऱ्या नातवंडांपैकी काहींनी तिथेही चार ओळी लिहायला हरकत नाही.