फ्लेक्सवरचं दान

तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते, त्या दिवशी गावातल्या चुली दुपारपासूनच पेटलेल्या असतात. घरोघरी थापलेल्या भाकऱ्या देवळाकडे येतात, मोठ्या भांड्यांत पिठलं शिजतं आणि वारकऱ्यांच्या पंगती बसतात. कुठल्या घरच्या भाकरीला कोण बसलं, याची नोंद कुणी ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी पालखी वरवंडला जाते, पुढे पाटस ओलांडून रोटी घाट चढते. दौंड तालुक्यातल्या या वाटेवर दुतर्फा फ्लेक्स लागलेले असतात. ‘वैष्णवांचे हार्दिक स्वागत’ एवढ्या तीन शब्दांना जागा थोडी आणि स्वागतोत्सुकांच्या चेहऱ्यांना फार. पाण्याच्या बाटलीपासून रेनकोटपर्यंत सगळ्यावर कुणाचं तरी नाव.

यवतची भाकरीही दिली जाते आणि नाव छापलेला रेनकोटही दिलाच जातो. मग दोन्हींना दान म्हणावं का?

धर्मशास्त्राने या शब्दाची व्याख्या जवळपास वकिली काटेकोरपणे केली आहे. वस्तूवरचं आपलं स्वत्व संपवणं आणि तिथे दुसऱ्याचं स्वत्व निर्माण करणं, म्हणजे दान. नुसतं हातातून सुटणं पुरेसं नाही, मालकीही सुटली पाहिजे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार येतात. त्यांतलं राजस दान परतफेडीच्या अपेक्षेने दिलेलं असतं. देणाऱ्याचा फोटो असलेली पिशवी घरात येते तेव्हा पिशवी घेणाऱ्याची होते, पण तिच्यावरचा चेहरा देणाऱ्याच्याच मालकीचा राहतो.

पुणे जिल्ह्याला असे चेहरे नवीन नाहीत. अहिरे गावचे सरपंच राहिलेले रमेश वांजळे अंगावर सोनं मिरवत फिरत, म्हणून ‘गोल्डमॅन’ झाले. २००९ मध्ये ते मनसेकडून खडकवासल्याचे आमदार झाले. लोकांनी त्यांना सोनं असूनही निवडून दिलं की सोन्यामुळे, हा वाद जून २०११ मध्ये त्यांच्या अकाली निधनानंतरही संपला नाही. भोसरी हा पुणे जिल्ह्यातल्याच शिरूर लोकसभा मतदारसंघाचा भाग. तिथल्या दत्ता फुगे यांनी सव्वा कोटीच्या घरातला सोन्याचा शर्ट शिवून घेतला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. त्यांच्या पत्नी पिंपरी-चिंचवडच्या नगरसेविका होत्या. जुलै २०१६ मध्ये फुगे यांचा खून झाला.

शिरूर तालुक्यातल्या शिक्रापूरचे पैलवान मंगलदास बांदल यांचं प्रकरण आणखी ताजं आहे. जिल्हा परिषदेचे हे माजी सदस्य. एप्रिल २०२४ मध्ये वंचित बहुजन आघाडीने त्यांना शिरूरची लोकसभेची उमेदवारी जाहीर केली आणि काही दिवसांतच रद्दही केली. शिवाजीराव भोसले सहकारी बँकेतल्या गैरव्यवहाराच्या आरोपांत त्यांचं नाव आधीपासून होतं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सक्तवसुली संचालनालयाने त्यांना अटक केली. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे इथे लक्षात ठेवायला हवं. पण आरोप माहीत असतानाही अशा माणसांभोवती गर्दी का जमते, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेतला नाही. तो गावाचा आहे.

गावाकडे त्याचं उत्तर तयार असतं: ‘माणूस सुखदुःखात येतो.’ लग्नात अक्षता टाकायला येतो, दशक्रियेला नदीकाठी उभा राहून श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलतो, रात्री अपरात्री दवाखान्यात फोन करतो. या उत्तराला हसून चालणार नाही. गीतेने तामस दान म्हटलं ते अवमान करून दिलेल्या दानाला. सरकारी खिडकीवर हक्काची गोष्टसुद्धा अनेकदा तशीच पदरात पडते, आणि हा भपकेबाज माणूस मात्र नाव घेऊन, पाठीवर हात ठेवून देतो. ऑपरेशनचे पैसे भरले गेले तेव्हा देणाऱ्याच्या मनात काय होतं, हे विचारायची चैन आजाऱ्याच्या घराला परवडत नाही.

कायद्याने हा गुंता कॅलेंडरवर टाकला आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार मतासाठी उमेदवाराने दिलेली भेट ही लाच ठरते. पण उमेदवार कोण? १९७५ च्या दुरुस्तीनंतर व्याख्या नामनिर्देशनाशी बांधली गेली. त्यामुळे श्रावणातली देवदर्शनाची बस, दिवाळीतली साडी, यात्रेतलं जेवण हे सगळं अर्ज भरण्याच्या अलीकडे या कलमातून मोकळं राहतं. लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाखांची, तीही निवडणुकीपुरतीच. शपथपत्रात सोनंसुद्धा वजनासकट लिहावं लागतं. गावाने मनात धरलेलं देणं मात्र त्या कागदावर कुठेच येत नाही.

हे देणंच खरं अडचणीचं आहे, श्रीमंती नव्हे. वारकरी परंपरेला पैशाचं वावडं कधीच नव्हतं. तुकोबांचं घराणं महाजनांचं, घरात दुकान आणि सावकारी. परंपरा सांगते की दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतांची वाटणी केली, धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत बुडवला. त्या दिवशी कुणाच्या हातात एक पैही पडली नाही. तरी कुळं मोकळी झाली. आपण कुणाला सोडलं, हे पुढे दाखवायला तुकोबांकडे कागदच उरला नाही. फ्लेक्सवरच्या दात्याचं नेमकं उलटं चालतं. त्याच्या प्रत्येक देण्यातून एक नवं खत तयार होतं, बिनसहीचं, आणि ते वसूल करायचा दिवस निवडणूक आयोग जाहीर करतो.

अर्थात यवतच्या पंगतीतही नाव अगदीच नसतं असं नाही. भाकरी थापणारीलाही पुण्याची आस असते, आणि तीही एक प्रकारची परतफेडच. फरक एवढाच की ती मागते विठ्ठलाकडे, जेवणाऱ्याकडे नाही. जेवणारा हात धुतो, पडशी उचलतो आणि पहाटे वरवंडच्या वाटेला लागतो. जाताना वाटेतल्या एखाद्या मंडपात तो नाव छापलेला रेनकोटही घेतो, कारण ज्येष्ठ सरत आला आहे आणि ढग भरून आले आहेत.