पाणी येत नाही, म्हणजे काय?

शिडाच्या बोटीवर इंजिन सुरू केलं की माणूस आधी मागच्या टोकाला जातो आणि वाकून बघतो. एक्झॉस्टच्या नळीतून धुराबरोबर पाणी पडतंय ना? गुळण्या टाकल्यासारखं, थांबून थांबून? पडत असेल तर तो निवांतपणे दोर सोडायला लागतो. पडत नसेल तर धावत येऊन इंजिन बंद करतो. त्याला धावायला लावलं ते न दिसलेल्या गोष्टीनं. आणि एखादी गोष्ट न दिसणं म्हणजे नेमकं काय कळणं, यावर आपल्याकडच्या दार्शनिकांनी शतकानुशतकं एकमेकांची डोकी खाल्ली आहेत.

त्यांचं नेहमीचं उदाहरण साधं: जमिनीवर घडा नाही. हे आपल्याला कशानं कळलं? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, म्हणतात, डोळ्यांनीच. जमीन दिसते तसा तिच्यावरचा घड्याचा अभावही दिसतो. मीमांसक कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणतात, जे नाहीच त्याचा डोळ्याशी संबंध येणार कसा? म्हणून त्यांनी 'अनुपलब्धि', म्हणजे न आढळणं, हे वेगळं प्रमाण, ज्ञानाचं वेगळं साधन, मानलं, आणि पुढे अद्वैत्यांनीही ते उचललं. बौद्धांपैकी धर्मकीर्तीच्या मते हे अनुमान. मीमांसकांच्याच दुसऱ्या गटानं, प्राभाकरांनी, तर विषयच मिटवला: अभाव वगैरे काही नसतं, मोकळी जमीन दिसते, बस. मोकळ्या जमिनीवरून एवढा खल कशाला, असं कुणालाही वाटेल. पण अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त, म्हणजे नवशिक्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात, सात पदार्थांच्या, म्हणजे असलेल्या सगळ्याच्या मूळ प्रकारांच्या, यादीत सातवा 'अभाव'च आहे. मुंबईत 1897 साली आठल्ये आणि बोडस यांची या ग्रंथाची सटीप आवृत्ती निघाली, तिच्यातही या सातव्या पदार्थाला सुट्टी नाही.

या भांडणात एक अट मोलाची निघाली. न दिसणं हा पुरावा केव्हा धरायचा? ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. उजेड हवा, डोळे धड हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. धर्मकीर्तीच्या परंपरेत पिशाचाचं उदाहरण येतं: पिशाच मुळात दिसण्याजोगं नाही, तेव्हा ते दिसलं नाही एवढ्यावरून ते नाही असं म्हणता येत नाही.

ही अट इंजिनाच्या खोलीत घेऊन जाण्यासारखी आहे. बोटीच्या डिझेल इंजिनात बहुधा दोन पाणी फिरतात. आतलं गोडं, कूलंट मिसळलेलं, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये फिरतं. बाहेरचं खारं, समुद्रातून येऊन आतल्याची उष्णता घेतं आणि एक्झॉस्टमधून परत जातं. तापमान वाढलं की भोंगा वाजतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण भोंग्याचा सेन्सर बसवलेला असतो आतल्या पाण्यासाठी. गळतीनं ते पाणी उतरलं आणि सेन्सर हवेत उघडा पडला, तर इंजिन भाजून निघत असतानाही तो गप्प राहू शकतो. 'भोंगा वाजला नाही, म्हणजे इंजिन तापलं नाही' हे अनुमान इथे फसतं. असतं तर कळलं असतं, ही अटच मोडलेली असते.

खाऱ्या पाण्याच्या बाजूला याहून लबाड प्रकार असतो. पंपापर्यंत पाणी येतं ते तळाच्या व्हॉल्व्हमधून, म्हणजे सी-कॉकमधून, आणि मग गाळणीतून. गाळणी पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेली असेल आणि तिच्या झाकणाची रबरी रिंग कडक झाली असेल, तर तिथे गळती असते. पण पाण्याचा थेंब दिसत नाही. कारण तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. फडकं फिरवलं तर कोरडं. नवखा माणूस कोरडं फडकं पाहून झाकण निर्दोष ठरवतो आणि पुढे अर्धा दिवस पंप उघडत-मिटत बसतो. अनुभवी माणूस रिंगेला बोटभर ग्रीस लावतो, झाकण आवळतो आणि मागे जाऊन बघतो.

हवा आत का जाते, याचं उत्तर द्यायला युरोपलाही बराच काळ लागला, आणि तिथेही वाद 'नसण्या'चाच होता. अ‍ॅरिस्टॉटलनं पोकळी अशक्य ठरवली होती. निसर्गाला रितेपण सोसत नाही म्हणून पंपात पाणी चढतं, हे पुढे सर्वमान्य झालं. पण मग ते अठरा हातांवर, म्हणजे सुमारे दहा मीटरवर, का थांबतं? त्या उंचीवर निसर्गाला रितेपण चालायला लागतं की काय? गॅलिलिओनं 1638 च्या ग्रंथात ही अडचण नोंदवली. टॉरिचेलीनं नळीत पाण्याच्या जागी पारा घेतला. तो सुमारे 76 सेंटिमीटरवर थांबला. 1648 च्या सप्टेंबरात पास्कालच्या मेव्हण्यानं तशीच नळी प्यूय द दोम डोंगरावर नेली, तर पारा आणखी खाली उतरला. पंप पाणी ओढत नाही. तो फक्त जागा रिकामी करतो. ढकलण्याचं काम बाहेरची हवा करते. तत्त्वज्ञांचा वाद प्लंबरांच्या अडचणीतून सुटला, हे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत जरा हळू आवाजात सांगितलं जातं.

बोटीचा पंप हेच काम रबरी इम्पेलरनं करतो. लहान इंजिनांत त्याला साधारण सहा पाती असतात. पितळी घराच्या एका बाजूला उंचवटा असतो. तिथे पातं दुमडतं, पुढे गेलं की सरळ होतं, मधली जागा वाढते आणि समुद्र आत येतो. वंगण म्हणून त्याला तेच पाणी लागतं. कोरडा फिरला तर रबर थोड्याच वेळात तापतं, चिरतं, तुटतं.

पंप उघडायचा तर आधी सी-कॉक बंद. मग झाकणाचे स्क्रू, त्याखाली कागदी गास्केट, आणि आत तो काळा, वाकलेला इम्पेलर. पक्कडीनं हळूच ओढून तो वर्तमानपत्रावर ठेवतात आणि पाती मोजतात. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्याच्या जागी नुसता खुंट. नैयायिकांचं एक म्हणणं इथे नीट समजतं: अभाव नेहमी कशाचा तरी असतो, आणि ज्याचा अभाव, ती वस्तू आधी माहीत असल्याशिवाय अभाव कळत नाही. त्या वस्तूला ते 'प्रतियोगी' म्हणतात. सहा पाती असतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याला पाच पाती आणि एक खुंट दिसतो. 'एक गेलं' हे दिसत नाही. प्राभाकरांची मोकळी जमीन इथे कामाला येत नाही.

शिवाय एक गेलं, म्हणजे गेलं कुठे? तर्कसंग्रहाच्या भाषेत हा प्रध्वंसाभाव, मोडून झालेलं नसणं. पण रबर मोडून नाहीसं होत नाही. तुकडे पाण्याबरोबर पुढे सरकतात आणि बहुधा खारं पाणी आतल्याची उष्णता घेतं त्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी, बारीक नळ्यांच्या जाळीवर बसतात. नवा इम्पेलर घालून झाकण लावलं की पाणी येतं, मागून पडताना दिसतंही. फक्त थोडं कमी. मग काही तासांनी, नेमकं बंदरात शिरताना, तापमानाचा काटा चढायला लागतो. म्हणून जाणकार माणूस होज सोडवून एकेक तुकडा चिमट्यानं काढतो आणि वर्तमानपत्रावर खुंटाला जुळवून बघतो. जुळणी पुरी होईपर्यंत दुरुस्ती झाली असं तो म्हणत नाही.

जोशुआ स्लोकमनं 1895 ते 1898 मध्ये 'स्प्रे'वरून एकट्यानं पृथ्वीला फेरी घातली, तेव्हा बोटीवर इंजिनच नव्हतं, त्यामुळे हा ताप त्याला नव्हता. आजच्या बोटींना बंदरात शिरायला, वारा पडल्यावर आणि बॅटरी भरायला इंजिन लागतंच.

एक धोका मात्र पंप दुरुस्त झाल्यावरचा आहे. बंद केलेला सी-कॉक उघडायचा राहिला, की नवाकोरा इम्पेलरही कोरडाच फिरतो. बंद व्हॉल्व्ह खाली अंधारात असतो आणि वरून दिसत नाही, म्हणजे 'असतं तर दिसलं असतं' ही अट पुन्हा मोडलेली. यावर बोटीवाल्यांनी काढलेला उपाय जुना आहे: सी-कॉक बंद केला की इंजिनाची किल्ली काढून त्याच्याच दांड्याला अडकवायची. इंजिन सुरू करायला येणाऱ्याला किल्ली जागेवर दिसत नाही, आणि ती घ्यायला त्याला सी-कॉकपाशी जावंच लागतं.