फुगलेल्या भाकरीचे सुख

नेसरी म्हटले की प्रतापराव गुजर आठवतात. इ. स. १६७४ च्या फेब्रुवारीत मूठभर सोबत्यांसह ते शत्रूच्या फौजेवर तुटून पडले आणि कामास आले, ते येथेच. अशा गावच्या सप्ताहात मी वैराग्यावर बोललो. संसारातील सुख म्हणजे मृगजळ, असे ठासून सांगितले. कीर्तनानंतर एक माळकरी आजी पाया पडली. रीतीप्रमाणे मीही पडलो. ती म्हणाली, "म्हाराज, एक इचारू? सकाळी चुलीवर पयली भाकरी टम्म फुगली की लई बरं वाटतंय. इट्टलाचं नावबी आपसूक तोंडात येतंय. ह्ये बी खोटंच काय?"

मी सराईतपणे म्हणालो, "आजी, तीही मायाच. मन तिथे गुंतवू नये." तिने मान डोलावली नि गेली. पण मला रात्री झोप येईना. त्या माउलीजवळ एवढेसे सुख, तेही मी काढून घेतले. आणि बदल्यात दिले काय? एक शब्द!

सज्जनहो, पाठशाळेत तैत्तिरीय उपनिषदातील आनंदाचे मोजमाप आम्ही पाठ केले होते. तरुण, विद्वान, बलवान पुरुष, आणि धनाने भरलेली सारी पृथ्वी त्याची. हा मनुष्याचा एक आनंद. तेथून शंभर शंभर पटींनी चढत ब्रह्मदेवाच्या आनंदापर्यंत जायचे. मात्र गंधर्वापासून पुढे प्रत्येक पायरीवर श्रुती पुन्हा पुन्हा सांगते की, ज्ञानी आणि कामनेने न ग्रासलेला जो असेल, त्यालाही तो आनंद आहेच. बृहदारण्यकात तर याज्ञवल्क्य जनकाला सांगतात की, सारे जीव त्या एकाच परमानंदाच्या अंशावर जगतात. मग भाकरीपाशी आलेला अंश परका कसा? घागरीतले पाणी थोडे असेल, पण ते नदीचेच ना!

बाधते ते सुख नव्हे. ते उद्याही मिळालेच पाहिजे, हा हट्ट बाधतो. हे मी पोथीतून नव्हे, दिवे घाटात शिकलो. एका वारीत चढणीवर कोणीतरी थंड पाण्याचा तांब्या पुढे केला. काय ते सुख! पुढल्या वर्षी त्याच वळणावर मी त्याला शोधू लागलो. कोणी नव्हते. हातात टाळ, मुखात नाम, आणि मनात सासवडपर्यंत धुसफूस. तांब्या तोच, पण आदल्या वर्षी प्रसाद होता, आता येणे झाले होते.

अरणचे सावता महाराज मळ्यातच रमले. भाजीपाल्यात त्यांना विठ्ठल दिसला. त्यांना कोणी मायेत गुंतलेले म्हटले नाही. उलट आषाढीनंतर पंढरीहून देवाची पालखी त्यांच्या भेटीस अरणला जाते. एवढे ठाऊक असून मी त्या आजीला कोरडे ठेवले, हा माझा दोष.

पुढे पुन्हा नेसरीस जाणे झाले, तेव्हा तिला मुद्दाम गाठले. म्हटले, "आजी, मागे मी चुकीचे बोललो. ते सुख देवाचेच." ती हसली. म्हणाली, "मला वाटलंच हुतं, म्हाराज." मला राहवेना. विचारले, "पण ज्या दिवशी भाकरी फुगत नाही, त्या दिवशी काय?"

"फुगल्याली पोरांच्या ताटात," ती म्हणाली, "न फुगल्याली माझ्या. नाव त्येच."