वहीतला चक्रवाक

माणूस खोटे का बोलतो याची काही कारणे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. पैसा, भीती, भीड, नाहीतर कोणाचे मन राखणे. पण ज्यात कवडीचा लाभ नाही आणि जे तपासायला कोणी येणार नाही, असे खोटे माणसाने का बोलावे? या प्रश्नाशी माझी गाठ पडली ती भातसानगरला.

गेल्या हिवाळ्यात भाचीला घेऊन मी भातसा धरणाच्या जलाशयाकाठी पाखरे पाहायला गेलो होतो. पाण्यावर धुके होते. काठाशी टिटवी ओरडत होती. पाण्यातल्या एका वठलेल्या खोडावर पाणकावळा पंख पसरून उन्हाची वाट पाहत होता. एवढ्यात दूर, धुक्याच्या कडेला, काहीतरी तांबूस तरंगताना दिसले. दुर्बीण डोळ्यांना लावीपर्यंत ते वळणाआड गेलेसुद्धा.

"मामा, काय होतं?"

"चक्रवाक!" मी म्हणालो, आणि तिने ते आपल्या नव्या वहीत तारखेनिशी लिहून टाकले.

खरे सांगायचे तर ती अडईही असू शकेल. तिचाही रंग तांबूस-तपकिरीच. पण अडई पडली बारमाही घरची. चक्रवाक हिमालयापलीकडून हिवाळ्यापुरता येणारा, आणि संस्कृत कवींनी ज्याचा विरह गायिला असा पाहुणा! मला दिसले ते मी बोललो नाही. दिसावेसे वाटत होते ते बोललो.

तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय बिघडले? रानपिंगळ्याची गोष्ट ऐका. या छोट्या घुबडाला १८७३ साली शास्त्रीय नाव मिळाले. १८८४ नंतर मात्र ते शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडेना. पुढे माइनर्ट्झहागन नावाच्या नामवंत इंग्रज कर्नलने आपल्या संग्रहातला एक रानपिंगळा दाखवला. चिठ्ठीवर लिहिले होते : मांडवी, गुजरात, १९१४. बड्या माणसाच्या शब्दावर कोण संशय घेणार? त्या चिठ्ठीच्या भरवशावर मांडवीकडे शोध झाले. हाती काही लागले नाही. लागणार कुठून? ते पाखरू खानदेशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसनने १८८० च्या दशकात मिळवलेले, आणि कर्नलसाहेबांनी संग्रहालयातून चोरून नव्या चिठ्ठीखाली खपवलेले होते. पामेला रासमुसेन या विदुषींनी ती चिठ्ठी बाजूला सारली, खऱ्या नोंदींतल्या जागा धुंडाळल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा त्यांच्या समोर फांदीवर बसलेला होता. तब्बल ११३ वर्षांनी! २०१४ साली तो तानसा अभयारण्यातही आढळला. म्हणजे भातसानगरच्या शेजारीच.

कर्नलची चोरी आणि माझी बढाई यांत पुष्कळ अंतर आहे. पण वाट एकच. पाखरू काही कोणाच्या वहीत सही करून जात नाही. पाहणाऱ्याचा शब्द हाच तिथे पुरावा. त्या शब्दावरूनच पुढचे लोक ठरवतात, कोणते रान राखायचे, कोणत्या पाण्याची काळजी घ्यायची. खोट्या नोंदीने ऐकणारा फसतो, तसे बिचारे पाखरूही फसते. ते राहते एकीकडे आणि त्याचा कैवार घेतला जातो भलतीकडे.

त्या रात्री मी भाचीजवळ कबुली दिली. वाटले होते, मामाची किंमत उतरेल. तिने शांतपणे वही काढली, 'चक्रवाक' खोडले आणि लिहिले : 'तांबूस बदक. फार लांब. ओळखता आले नाही.' मग डोळे चमकवीत म्हणाली, "म्हणजे उद्या पुन्हा जायला हवं!"

मी चमकलो. चक्रवाक वहीत होता तोवर आमचे पाहणे संपलेले होते. 'कळले नाही' एवढे तीन-चार शब्द तिने प्रामाणिकपणे लिहिले मात्र, आणि दुसऱ्या दिवसाची पहाट पुन्हा आमची झाली.