शतकारंभाचा निर्णय

१९४३ मध्ये सांगलीत मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाली. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ मध्ये सांगली संस्थानाच्या आश्रयाने रंगभूमीवर आले, हा त्या गणनेचा आरंभबिंदू. त्याच १९४३ मध्ये शेजारच्या तत्कालीन सातारा जिल्ह्यात नाना पाटील यांचे प्रतिसरकार उभे राहत होते. एकीकडे शतक पूर्ण होत होते, तर दुसरीकडे काळ नव्याने मोजला जात होता. सांस्कृतिक शतकाचा आरंभ दिनदर्शिकेने ठरत नाही, हे यावरून सहज दिसते. (आपल्या पंचांगाचे चक्र तर साठ संवत्सरांचे, शतकाचे कौतुक त्याला नाही.) कठीण प्रश्न पुढचा आहे : हा आरंभ कोणत्या निकषावर ठरवायचा?

वाङ्मयेतिहासकाराचा रूढ निकष नव्या वस्तूंच्या आगमनाचा असतो : छापखाना, रेल्वे, इंग्रजी शाळा. त्या निकषाने ७ नोव्हेंबर १९०० ही तारीख मोहक ठरते. त्या दिवशी आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. परंतु त्या तारखेला तेज आले ते पुढील आयुष्यामुळे. शाळेत त्यांची बसण्याची जागा वेगळी, कोपऱ्यातली, गोणपाटावरचीच राहिली.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात आंबेडकरांनी १९०१ मधील एक प्रवास सांगितला आहे. गणिताने हे विसाव्या शतकाचे पहिलेच वर्ष. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावी रोखपाल होते. त्यांच्याकडे सुटीत निघालेली ही मुले मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यावे, मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे, असे ठरले.

या व्यवहारात मला निकष सापडतो. रेल्वे होती, रोख पैसा होता, शिकलेली मुले होती. आणि विटाळही शाबूत होता. नव्याजुन्याचा संघर्ष झालाच नाही. सौदा झाला, आणि त्याची किंमत मुलांनी दुप्पट दराने मोजली. असा सौदा करण्याची लाज जेव्हा समाजाला वाटू लागते, तेव्हाच नवे शतक सुरू झाले असे म्हणता येईल.

प्रत्येक समूहाचे शतक वेगळे, असे उत्तर हल्ली सहिष्णुतेच्या नावाखाली दिले जाते. मला ते पळवाटेसारखे वाटते. गाडीवान आणि ती मुले वेगवेगळ्या शतकांत नव्हती. ती एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने चालली होती. त्यांना वेगळे काळ बहाल केले की त्यांच्यातला अन्यायाचा संबंधच पुसला जातो.

हे लेखन १९३५-३६च्या सुमाराचे. पुस्तिकारूपाने ते प्रसिद्ध झाले १९९० मध्ये. आधुनिक कवितेचा आरंभ केशवसुतांपासून धरणाऱ्या आपल्या वाङ्मयेतिहासातले विसावे शतक तोवर संपत आले होते.