कीर्तन कोणाचे?

माउली, आपल्या संप्रदायात कीर्तनाच्या मांडवाला दार नसते. येईल त्याने ऐकावे, ऐकेल त्याने गावे. विदर्भाची पंढरी म्हणवणाऱ्या धापेवाड्याला जा, नाहीतर नागपुरातल्या एखाद्या वस्तीतल्या सप्ताहाला. आता टाळकऱ्यांच्या पुढ्यात मोबाईल धरलेले हातही दिसतात. रात्रीचे कीर्तन सकाळी यूट्यूबवर येते. तिथून कोणी ते उतरवून घेतो, त्याचा तुकडा पाडतो, कीर्तनकाराचे नाव काढून आपल्या चॅनलवर चढवतो आणि जाहिरातीचे पैसेही घेतो. हटकले तर म्हणतो, "अभंग तुकोबांचा, नाम विठ्ठलाचे, कीर्तन फुकट. मग हरकत कसली?"

या बोलण्यात शब्द, चाल आणि निरूपण यांची सरमिसळ झाली आहे. आपल्याकडील 1957 च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साधारणपणे 60 वर्षे त्याच्या लेखनावरचा हक्क टिकतो. म्हणून तुकोबांचे शब्द सर्वांचे. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण 1968 चे. त्या हिशेबाने ग्रामगीतेची मुदत 2028 अखेरपर्यंत जाते. अभंग जुना असला तरी श्रीनिवास खळे यांनी त्याला दिलेली चाल नवी. खळे 2011 मध्ये गेले, त्यांच्या चालींवरचा हक्क अजून संपलेला नाही. आणि निरूपण त्या कीर्तनकाराचे. व्याख्यान देणाऱ्यालाही कायदा सादरकर्ता मानतो. आपले नाव लागावे आणि आपली मानहानी होईल अशी मोडतोड होऊ नये, असे मागण्याचा त्याला अधिकार आहे.

उघड्यावर ठेवलेली वस्तू सोडून दिलेली नसते. वाटसरूसाठी ओट्यावर पाण्याचा माठ ठेवला, तर पाणी सर्वांचे. माठ उचलून नेऊन त्यातले पाणी विकायला कोणी सांगितले नव्हते.

मात्र कायदा एवढा कठोरही नाही. खाजगी अभ्यासासाठी, टीका किंवा परीक्षणासाठी, चालू घडामोडींच्या वृत्तासाठी रास्त वापराची मुभा कलम 52 देते. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गायन-वादन करण्यालाही सूट आहे. तेच पुढे इंटरनेटवर टाकणे ही वेगळी गोष्ट. एखादी मुलगी कीर्तन ऐकून चाल घोटते, प्रमाणे वहीत उतरवते, हे तर कीर्तनाचे सार्थक. एखादा अभ्यासक कीर्तनातली चार वाक्ये जशीच्या तशी देऊन ती शास्त्राला धरून नाहीत असे दाखवतो, तेही योग्य. कीर्तनकाराला ते आवडले नाही, तरी हक्काचा धाक दाखवून टीकेचे तोंड बंद करणे संतांच्या घरात शोभत नाही.

आता मूळ शंकेकडे वळू. संतांनी काहीच आपले म्हटले नाही, मग वारकऱ्याने हक्काची भाषा का बोलावी? तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. धनावर इतके पाणी सोडणाऱ्या पुरुषाने सालोमालोला मात्र सोडले नाही. तुकोबांच्या शब्दांत फेरफार करून त्यावर स्वतःचे नाव घालणाऱ्या सालोमालोवर गाथ्यात अभंगच आहेत. देणी माफ करणारे तुकोबा इथे का रागावले? त्यांना नावाचा लोभ होता, असे म्हणायला कोणी धजणार नाही. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा ही साक्ष असते. हे मी बोललो, याचा जाब मला विचारा, असे ती सांगते. ती पुसली की बोल निराधार होतो आणि फसवणूक होते ती ऐकणाऱ्याची.

नाथ महाराजांनी शके 1506, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांच्याएवढ्या अधिकाराच्या कवीला भर घालणे जड नव्हते. त्यांनी पाठ शुद्ध केला आणि पुढच्यांनाही आपल्या ओव्या त्यात मिसळू नका म्हणून बजावले.

तुकडा पाडण्यातला दोष इथेच कळतो. कीर्तनकार आधी पूर्वपक्ष मांडतो. "देव नाहीच," असे म्हणणाऱ्याची बाजू तो त्याच्याच आवेशात बोलतो आणि मग अर्धा तास तिचे खंडन करतो. पहिली तीसच सेकंदे कापून फिरवली, तर आयुष्यभर नाम गाणारा माणूस गावोगावी नास्तिक ठरतो. खंडन ज्याच्या कानी पडलेच नाही, त्याच्या मनात शंका तेवढी उरते. अशा वेळी शब्द चोरीला गेलेला नसतो, अक्षरही बदललेले नसते, आणि तरी असत्य बोलले गेलेले असते.

म्हणून कीर्तन पुढे पाठवावे, जरूर पाठवावे. प्रसाद घरोघर पोचावा. पण कीर्तनकाराचे नाव, गाव आणि निरूपणाचा अभंग सोबत लिहावा. तुकडा पाठवला तर पूर्ण कीर्तन कुठे ऐकायला मिळेल ते सांगावे. आपल्या चॅनलवर चढवायचे असेल तर आधी विचारावे. त्यावर पैसे मिळवायचे असतील तर विचारल्यावाचून हात लावू नये. कीर्तनकारानेही शिकणाऱ्याला आणि टीकाकाराला मोकळ्या मनाने वाट द्यावी. एवढे सांभाळले तर मांडव कितीही मोठा झाला, तरी सालोमालोला त्यात जागा मिळणार नाही.