तुमच्यात असेच असते का?

म्हसा गाव ओळखले जाते ते पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी आणि बैलबाजारासाठी. पुस्तकांवर बोलणारी माणसे इथे शोधायची कुठे? वाचनालये आहेत. कल्याणचे १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. १९६७ च्या कायद्यानंतर अनुदानावर लहान गावांतूनही वाचनालये निघाली. पण पुस्तक बदलून आणणे निराळे आणि वाचलेल्यावर चारचौघांत बोलणे निराळे.

खरे तर सोबतीने वाचणे खेड्याला नवे नाही. चातुर्मासात हरिविजयाची पोथी एकजण वाचतो आणि आळी ऐकते. ‘इक्रा’ या शब्दातही नुसते डोळ्यांनी वाचणे नाही, मोठ्याने म्हणणे आहे. उर्दूत १९३९ साली लाहोरला सुरू झालेल्या ‘हल्का-ए-अरबाब-ए-जौक’च्या बैठकीत लेखक आपले लेखन वाचून दाखवी आणि चर्चा चालू असताना गप्प बसे. बचाव करायचा नाही. मला ही रीत फार न्याय्य वाटते.

आपला प्रश्न मात्र उलटा आहे. मराठी वाचक मंडळात मुस्लिम माणूस गेला, की न लिहिलेल्या पुस्तकाचाही बचाव त्याच्याकडेच येतो. मी उर्दू माध्यमाची शिक्षिका. उर्दूच्या बैठकीत विचारतात, ‘मराठी कशाला वाचता?’ मराठीच्या बैठकीत विचारतात, ‘इतके चांगले मराठी कसे?’ माझ्या घरात मराठीच बोलतात, हे दोन्हीकडे सांगावे लागते. एका मंडळात हमीद दलवाईंची ‘इंधन’ वाचायला घेतली होती. १९६५ ची कादंबरी, कोकणातल्या गावाची. चर्चा सुरू झाली आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ‘मॅडम, तुमच्यात असेच असते का?’

विचारणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हे मान्य. पण ‘श्यामची आई’ही कोकणातलीच. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, साने गुरुजी दापोलीजवळच्या पालगडचे. जिल्हा एकच, रत्नागिरी. श्यामच्या घरातले सोवळे वाचून कोणी ब्राह्मण वाचकाला ‘तुमच्यात असेच असते का’ असे विचारत नाही. ती आई सर्वांची होते. ‘इंधन’चे गाव मात्र ‘तुमचे’ राहते. माझ्या मते अन्याय इथे आहे.

मग उत्तरच देऊ नये का? गप्प बसले तर गैरसमज तसाच राहतो. उत्तर दिले तर साऱ्या कौमचे वकीलपत्र गळ्यात पडते, आणि पुढचा प्रश्न तलाकचा येतो. काहीजण म्हणतात, आपले वेगळे मंडळ काढा. वेगळ्या व्यासपीठाची गरज होतीच, म्हणून तर १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. पण जिथे सगळे एकमेकांना आधीच ओळखतात, तिथे आपल्या गृहीत गोष्टींना कोणी हात लावत नाही. मला तेही नुकसानीचेच वाटते.

म्हणून मी मंडळ सोडलेले नाही. माझ्या घराविषयी विचारले तर माझ्या घरापुरते सांगते. इतरांच्या घराविषयी मला माहिती नाही, असे स्पष्ट म्हणते. आणि तोच प्रश्न विचारणाऱ्यालाही विचारते. पुढच्या बैठकीला ‘श्यामची आई’ घ्यावी असे सुचवले आहे. बैठक शेवटच्या एसटीआधी संपावी, एवढी अटही घातली आहे.